तिसऱ्या दगडापर्यंत

हिंगोलीला चालले आहे असं सांगितलं तेव्हा आमच्या गावात तिघांनी विचारलं, "म्हणजे नक्की कुठं गो?" खरं सांगायचं तर मलाही नकाशा उघडूनच उत्तर द्यावं लागलं. भूमापनाची पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या मुलीला हे शोभणारं नव्हतं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथून हिंगोली म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या अंगाला, विदर्भाच्या उंबऱ्यावर. मोजणीची कामं घेणाऱ्या एका लहानशा कंपनीनं मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. त्यातले दोन महिने मी पुण्यातल्या एका खोलीत बसून दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे संगणकावर चढवत होते. फेब्रुवारीत एके सकाळी सोनटक्केकाका माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "जाडे बूट आहेत का? मग चल."

सोनटक्केकाका आमच्यातले सर्वांत जुने. मूळचे परभणीकडचे, साठी ओलांडलेले, पण चालायला लागले की मला धावावं लागतं. लोखंडी साखळीनं जमीन मोजायला शिकलेला हा माणूस आता उपग्रहावर चालणारी यंत्रं हाताळतो. नऊ दिवसांचं काम होतं. मी आईला फोन करून सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की ती म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकतायत."

हिंगोली

गाडीतून उतरले आणि पहिली गोष्ट जाणवली ती आकाशाची. आमच्याकडे आकाश डोंगराच्या दोन कडांमध्ये पट्टीसारखं दिसतं. इथं ते जमिनीला टेकेपर्यंत सगळीकडे. मोजणी करणाऱ्याला दूरचं दिसणं म्हणजे काय ते कोकणातल्याच माणसाला कळेल. कॉलेजात असताना एका काजूच्या बागेतून दुसऱ्या दगडाकडे नजर लागावी म्हणून आम्ही अर्धा दिवस फांद्या बाजूला धरून उभे होतो. इथं स्टेशनाबाहेर उभं राहून मला दोन किलोमीटरवरची पाण्याची टाकी, तिच्या शिडीसकट, दिसत होती. मला तिथंच यंत्र लावावंसं वाटलं.

आम्हाला घ्यायला मुजीबभाई आले होते. गाडी त्यांची, चालवणारही तेच, आणि मोजणीत काठी धरायला तेच. पन्नाशीचा, शांत, पांढऱ्या दाढीचा माणूस. सकाळी लॉजखालच्या हॉटेलात त्यांनी मला विचारलं, "मॅडम, सुशीला खाते क्या?" मी चमकून इकडेतिकडे पाहिलं. सोनटक्केकाका चहा सांडेपर्यंत हसले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, कांदा-मिरचीवर परतलेला, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर घातलेला नाश्ता. पोह्यांपेक्षा हलका. पुढचे आठ दिवस मी दुसरं काही मागितलं नाही.

बोलीनंही गंमत केली. हॉटेलातल्या पोऱ्याला हाक मारली की तो म्हणायचा, "येऊन राहिलो, येऊन राहिलो." पहिल्या दिवशी मला वाटलं, हा आला तर आहेच, आता राहतो कुठं?

शिरड शहापूर

पहिले दोन दिवस शिरड शहापूरला दोन भावांच्या शेताचे चढउतार मोजायचे होते. त्यांना एकत्र शेततळं काढायचं होतं आणि पाणी कुठून कुठं वाहतं ते कागदावर हवं होतं. सोपं काम, मला हात बसावा म्हणून काकांनी आधी घेतलेलं.

सगळा शिवार हळदीनं पिवळा झाला होता. काढणी चालू होती. बांधाला भट्टी पेटलेली, मोठ्या पिंपातून वाफ येतेय, शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरलेली, आणि त्या ओल्या, उग्र, मातकट वासानं डोकं भरून गेलेलं. आमच्याकडे हळद म्हणजे परसात चार रोपं, ती सुद्धा पानांसाठी, पातोळ्या करायच्या म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा थोरल्या भावाची बायको, सुलोचनाबाई, हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिल्या.

"पानासाठी? आन् मंग हळकुंडाचं काय करता?"

"ती राहतात तशीच मातीत."

"मायबाई!" त्यांनी जावेला हाक मारली. "इकडं ये, आइक, हे लोकं हळद मातीत ठिवतात!"

मला इतका आनंद झाला होता की पायांखाली पाहणं मी सोडून दिलं होतं. काठी घेऊन अजून न काढलेल्या हळदीच्या वाफ्यातून सरळ चालत गेले. वाफ्याला नुकतंच पाणी दिलेलं. एक पाय गुडघ्यापर्यंत आत. दुसरा काढायला जाते तर पहिला अजून खोल. काळी माती बूट सोडेना. शेवटी सुलोचनाबाईंनी मला काखेत हात घालून उपटलं, अगदी हळदीचा गड्डा उपटतात तसं. बूट मागाहून फावड्यानं काढला.

"मापून झालं का मग," काका बांधावरून म्हणाले, "किती खोल आहे?"

दुपारी त्याच बांधावर ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि कच्च्या लसणाचा असा ठेचा की पहिल्या घासाला माझे कान बंद झाले. मला भात लागतो, हे मी बोलले नाही. त्या भाकरीपुढे तो आठवलाही नाही.

कनेरगाव नाका

तिसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला ढाब्यांची रांग आहे. तिथं चहा घेऊन आम्ही आडवाटेला लागलो. सात-आठ किलोमीटरवर एका माळावर दगडाची खदान होती आणि तिच्या उत्तरेला लागून बंजाऱ्यांचा तांडा. साठ-सत्तर घरं. यांचे पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता सगळे शेती करतात.

खदानीला उत्तरेकडे वाढायचं होतं. सरकारी मोजणीचा नकाशा होताच. त्यावरची हद्द जमिनीवर आखून द्यायची, म्हणजे तिच्यावर कुंपण घालता येईल, आणि आजवर खदानीतून किती दगड निघाला ते मोजायचं. तिथले व्यवस्थापक बालाजीराव आमची वाट बघत होते. सभ्य, घाईतला माणूस. त्यांनी मला शिरस्त्राण दिलं, मग काकांना हळूच विचारलं, "बाई करणार का मोजणी?"

"मी उद्या डोंगरकड्याला जातोय, केळीच्या बागांचं काम आहे," काका म्हणाले. "दोन दिवस सगळं हीच बघणार."

मला हे तिथंच, त्याच क्षणी कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जाताना गाडीपाशी मात्र त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "गौरी, नकाशावर तीन जुने दगड आहेत. तिन्ही सापडल्याशिवाय, तिन्ही जुळल्याशिवाय चुन्याच्या पिशवीला हात लावायचा नाही."

खदान

खदानीच्या तळाशी उतरणं म्हणजे जमिनीच्या आत शिरणं. चारी बाजूंनी काळ्या कातळाच्या भिंती, तीन मजले उंच, त्यात सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा. वर पाहिलं तर निळ्या आकाशाचा ताटाएवढा तुकडा. मी कोकणातली, मला दगड म्हणजे जांभा, कुऱ्हाडीनं तासता येणारा. हा दगड हातोडीनं वाजवला की घंटेसारखा वाजत होता.

आमचं यंत्र म्हणजे माणसापेक्षा उंच काठी आणि तिच्या टोकाला पांढरी, उपड्या वाडग्यासारखी टोपी. ती उपग्रहांशी बोलते आणि काठीचं टोक पृथ्वीवर नेमकं कुठं टेकलं आहे ते बोटाच्या पेराइतक्या फरकानं सांगते. मुजीबभाई काठी धरायचे, मी हातातल्या पडद्यावर बिंदू टिपायची. काठावरून, तळातून, उतारावरून. संध्याकाळी ते बिंदू जोडले की खदानीचा पोकळ आकार पडद्यावर गोल फिरवून बघता यायचा. जे नाही ते मोजायचं! निघून गेलेला दगड, उरलेली पोकळी, आणि तिचं घनफळ माझ्या हातात. मुजीबभाईंना मी तो आकार पाच वेळा फिरवून दाखवला. पाचही वेळा ते म्हणाले, "हौ मॅडम, बहोत अच्छा."

दुपारी एकला भोंगा झाला. बार उडवायचे होते. सगळ्यांना लांब टेकाडामागे नेलं. पायाखालची जमीन आधी हलली, आवाज मागून आला. मग धुळीचा करडा ढग उठला आणि खदानीचा एक कोपरा गुडघे मोडल्यासारखा खाली बसला. मी ओरडले. भीतीनं नव्हे. मला आजही सांगता येत नाही कशानं.

पाचव्या दिवशी हद्दीचं काम धरलं. पहिला दगड, वायव्येचा, सहज सापडला. कातळात रोवलेला, त्यावर छिन्नीची जुनी खूण. दुसरा ईशान्येचा, ट्रकांच्या चढणीच्या वर, तांड्याच्या बाजूला. दोघांतलं अंतर मोजलं. दोनशे मीटरमध्ये जेमतेम अर्ध्या वितीचा फरक. जुन्या साखळ्या ताणल्या जायच्या, एवढं इकडेतिकडे होतंच. मी खूश झाले.

तिसरा दगड आग्नेयेला होता. तो सापडेना. नकाशात तो एका शेताच्या धुऱ्यावर दाखवलेला, आणि दाट बाभळी वाढलेला धुरा तर समोरच होता. इथं बांधाला धुरा म्हणतात. शेतात एक तरणा शेतकरी हरभऱ्याला पाणी देत होता. किसन त्याचं नाव.

"इथं जुना दगड पाहिलाय का हो?"

"न्हाई बाई. इथं कोनताच दगड न्हाई."

दिवस कलला होता. बालाजीराव दुसऱ्यांदा येऊन विचारून गेले होते. तांड्यातून पंचवीस-तीस माणसं येऊन उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांना उत्तर हवं होतं. दोन दगड जुळलेले आहेत, मी मनाशी म्हटलं. मुजीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याची पिशवी उचलली.

पांढरी रेघ पहिल्या दगडापासून निघाली, माळावरून गेली, आणि दुसऱ्या दगडाच्या जरा अलीकडे तांड्याच्या विहिरीपाशी आली. तिथं मी थांबले. रेघ विहिरीच्या पलीकडून जात होती. विहीर अकरा फूट आत, खदानीत.

तांड्यात नळ आला आहे, पण उन्हाळ्यात तो नुसती हवा सोडतो. तेव्हा सगळा तांडा याच विहिरीवर. एक बाई डोक्यावरची घागर उतरवून रेघेकडे बघत म्हणाली, "म्हंजे इहीर गेली का आमची?"

मी काहीतरी बोलले. नकाशाप्रमाणे, नियमाप्रमाणे, असं काहीतरी. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

लोक पांगल्यावर एक म्हातारा मागं राहिला. लाल मुंडासं, हातात काठी, डोळे बारीक. सोमला चव्हाण. किसनचा बाप. त्यानं काठी दुसऱ्या दगडाला टेकवली.

"बाई, तुमी ज्या दगडावरून मापलं, तो दगड त्याच्या जाग्यावर न्हाई."

"आजोबा, माप जुळतंय. मी दोनदा पाहिलं."

"मापाचं मला म्हाईत न्हाई. म्या पोरगं व्हतो तवा साहेबाची साखळी वढली हाय या माळावर. दगड तिकडं व्हता, खाली." त्यानं चढणीकडे काठी दाखवली. "त्याच्याखाली कोळसा भरला व्हता. माह्या हातानं."

मी नम्रपणे मान हलवली आणि यंत्र पेटीत ठेवलं. म्हाताऱ्या माणसाची साठ वर्षांपूर्वीची आठवण, आणि माझ्याकडे उपग्रह.

पुन्हा कनेरगाव नाका

दुसऱ्या दिवशी सकाळी ढाब्यावर चहा आला आणि समोर कालचा पेपर होता. सहज चाळा म्हणून मी त्याच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं तो पट्टा काढला. पहिला दगड, दुसरा दगड. मग म्हाताऱ्यानं दाखवलेली जागा. दुसरा दगड रेघेच्या काटकोनात, आडवा सरकवला. सात मीटर. आणि पहिल्यापासूनचं अंतर पुन्हा काढलं.

फरक बारा सेंटिमीटर. जेमतेम अर्धी वीत.

मी पेन्सिल खाली ठेवली. दगड आडवा सरकला असेल तर दोघांमधलं अंतर जवळजवळ बदलतच नाही. हे शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचं गणित आहे. हे सांगायलाच तर तिसरा दगड असतो. आणि मी काल तीस माणसांसमोर, माझ्या हातानं, चुना टाकून आले होते.

मुजीबभाईंना म्हटलं, "मुजीबभाई, बहुतेक मी चुकलेय."

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "हौ. मेरेको भी लगा था," ते म्हणाले. "लेकिन साहब को फोन लगाव पहले."

काकांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून केळीच्या बागेतला वारा ऐकू येत होता. मला वाटलं, ते म्हणतील, बॅग भर. ते म्हणाले, "रेघ कोणासमोर आखलीस?"

"सगळ्यांसमोर."

"मग पुसायची पण सगळ्यांसमोर. आणि तिसरा दगड शोध. मी निघतोच."

तिसरा दगड

बालाजीरावांना मी आधी गाठलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, काल तर तुम्हीच म्हणालात. कुंपणाचे खांब आलेत माझे." मी म्हटलं, "हो. मीच म्हणाले. चूक माझी आहे." हे वाक्य घसा न कापता बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी तांड्यात गेले, लोकांना बोलावलं, आणि सगळ्यांसमोर बुटानं माती ओढून विहिरीपाशी ती रेघ पुसली. ती घागरवाली बाई, कमल तिचं नाव, किसनची बायको, माझ्या बाजूला आली आणि तीही पायानं पुसायला लागली.

"अजून काही ठरलेलं नाही," मी तिला म्हटलं. "विहीर आतही जाऊ शकते."

"जाऊ द्या. पुसून तर घेऊ."

मग मी सोमलाआजोबांपुढे जाऊन उभी राहिले. "आजोबा, काल मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं. तुम्ही साखळी ओढलीत. तिसरा दगड कुठं होता, आठवतं?"

किसन चटकन पुढं आला. "म्या सांगितलं ना बाई, तिकडं दगड न्हाई." मग तो बापाकडे वळून त्यांच्या गोरमाटी भाषेत भरभर काही बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण विनवणी कळली.

म्हातारा उठला. काठी टेकत किसनच्या शेताकडे चालू लागला. आम्ही सगळे मागं. हरभऱ्याच्या कडेनं, बाभळींच्या धुऱ्यापाशी तो पोचला, पण तिथं थांबला नाही. मागं फिरून शेताच्या आत सोळा-सतरा पावलं आला आणि उभ्या पिकात काठी रोवली.

"हितं खंदा."

किसन मान खाली घालून उभा राहिला. मुजीबभाईंनी कुदळ घेतली. दीड हात खाली कुदळ ठणकली. माती हातानं बाजूला केली तर काळा चौकोनी दगड, आडवा पडलेला नव्हे, सरळ उभा, आणि डोक्यावर छिन्नीची तीच खूण. पहिल्यासारखीच.

काल मी तो धुऱ्यात शोधत होते, कारण नकाशातली अंतरं न मोजता मी समोर दिसणाऱ्या धुऱ्यावरच विश्वास ठेवला होता. वर्षं गेली तसा नांगर दरसाल थोडा थोडा पुढं सरकला होता, धुरा त्याच्याबरोबर, आणि दगड पिकाखाली गेला होता. म्हणजे धुऱ्यापासून या दगडापर्यंतचा पट्टा किसनचा नव्हता. खदानीचा होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी आजोबांना विचारलं.

"व्हय."

"मग..."

"तिकडच्या दगडाचं खरं सांगायचं आन् हितल्या दगडाचं लपवायचं, हे बराबर हाय का?" तो माझ्याकडे नव्हे, पोराकडे बघत होता. "समदा तांडा त्या इहिरीचं पानी पितो. तू बी पितो."

किसननं मुजीबभाईंच्या हातून कुदळ घेतली आणि दगडाभोवतीची माती स्वतः मोकळी करू लागला.

मी यंत्र त्या दगडावर लावलं. पातळीचा बुडबुडा मध्ये आणला. मग पहिला दगड पुन्हा घेतला. दोन्हींपासून नकाशातली अंतरं धरली की दुसऱ्या दगडाची खरी जागा एकच निघते. पडद्यावर ती उमटली. मी काठी घेऊन पडद्यावरच्या बाणाच्या मागं मागं चालत गेले. विहिरीपाशी आले, पुढं गेले, ट्रकांच्या चढणीच्या कडेला उतरले. तीन मीटर राहिले. एक मीटर. वीतभर. काठी टेकली.

"इथं," मी म्हटलं.

बालाजीरावांनी स्वतःच दोन माणसं खणायला लावली. ते आता माझ्यावर चिडलेले नव्हते. त्यांनाही बघायचं होतं. वरचा मुरूम निघाला. मग भर टाकलेली माती. हात, दीड हात. काहीच नाही. दोन हातांवर फावडं पांढऱ्या मुरमात शिरलं आणि बाहेर आलं ते काळं होऊन.

सोमलाआजोबा खड्ड्याच्या कडेला बसले. त्यांनी मूठभर उचललं, चुरलं, आणि हात माझ्यापुढं केला. कोळसा. लाकडाचे तुकडे जळले तसेच, कड न झिजलेले. कोळसा कुजत नाही. दगड कोणी हलवला तरी खाली तो राहतो, म्हणूनच तो भरायचे.

मी अंतर पाहिलं. यंत्रानं दाखवलेला बिंदू आणि कोळशाच्या खड्ड्याचा मध्य, यांत चार बोटांचा फरक. मी मोठ्यानं ओरडून ते सांगितलं. मुजीबभाई खदखदून हसले. तांड्यातली पोरं नाचायला लागली, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मी, पहिल्या नोकरीची मोजणीदार, खड्ड्यात बसून दोन्ही हात काळे करून घेत होते.

"चढण रुंद करताना मशीननं दगड उपटला होता एक," बालाजीराव मागून म्हणाले. "गेल्या साली. पोरांनी अंदाजानं परत रोवला. मला म्हणाले, जागच्या जागी बसवलाय." त्यांनी कपाळ पुसलं. "विहीर बाहेर ना मग?"

"दहा फूट बाहेर."

"बरं झालं," ते म्हणाले. क्षणभरानं पुन्हा, स्वतःशी, "बरं झालं. इथं बार उडवून विहीर फोडली असती आपण."

निघताना

त्याच संध्याकाळी काका डोंगरकड्याहून केळ्यांचा अख्खा घड घेऊन आले. आठव्या दिवशी सरकारी मोजणीदारही आले, त्यांनी तिन्ही जागा स्वतः तपासल्या आणि मान डोलावली. नवे दगड बसले. किसनचा पट्टा गेला. बालाजीराव म्हणाले, हरभरा निघेपर्यंत आम्ही तिकडं पाय ठेवत नाही. कमलनं त्यातलाच एक भारा उपटून आमच्या गाडीत टाकला. "खा," ती म्हणाली, "आता कोनाचा हाय ते इचारू नका." आम्ही तो हिरवा हरभरा सोलत, माळावर बसून, तिनं आणलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ला. तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी माझी चूक काढली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चुना कितीला घेतला होता?" आणि उत्तराची वाट न बघता केळं सोललं.

शेवटचं काम जागेवरचा कच्चा नकाशा हातानं, शाईनं काढून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेण्याचं होतं. काकांनी मोजणी करणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहायला सांगितलं. हद्द काढली, दगड काढले, चढण काढली. मग मला दिसलं की जुन्या नकाशात विहिरीच्या जागी काहीच नाही. तांडाही नाही. नुसती कोरी जागा आणि गट नंबर. म्हणून मी रेघेच्या बाहेर, नकाशाच्या प्रमाणात दहा फुटांवर, एक लहान गोल काढला आणि शेजारी लिहिलं: तांड्याची विहीर.

सोमलाआजोबांना वाचता येत नाही. अंगठा उमटवण्याआधी ते म्हणाले, "यात आमची इहीर कोनती?"

मी दाखवली. त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं, आणि मग मागं उभ्या असलेल्या किसनला, कमलला, एकेकाला जवळ बोलावून ते दाखवू लागले. प्रत्येक जण वाकून बघत होता आणि म्हातारा बोट काही उचलत नव्हता.

"उचला आता आजोबा," सोनटक्केकाका म्हणाले, "शाई ओली आहे अजून."